चार मिलिमीटरचा पट्टा मागू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा दुपदरी रस्ता, मे महिन्यात थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे गरम वितळवून ओतायच्या प्लास्टिकसारख्या मालाचे, पट्टे मारून घेतले, आणि गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या उतरायला लागल्या तोवर रात्री ते दिसेनासे झाले होते. काही ठिकाणी खपल्या निघाल्यात, काही ठिकाणी पट्टा शाबूत आहे पण अंधारात काही कळत नाही. म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात २.५ ऐवजी ४ मिलिमीटर जाडी धरावी का, असं तुम्ही विचारताय.

नका धरू. चाकांखाली घासून पट्टा संपला असता तर जाडीचा विचार करता आला असता. तुमच्या वर्णनावरून तो एक तर उखडलाय, नाही तर जागच्या जागी आंधळा झालाय. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि दीड मिलिमीटर जादा माल ओतून त्यातलं एकही जात नाही. मी बावीस वर्षं याच कामावर उभा आहे, आधी ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून आणि नंतर तपासणीच्या बाजूला, त्यामुळे दोन्हीकडच्या खोड्या माहीत आहेत.

आधी उखडलेल्याचं बघू. पुढच्या वेळी घाटात जाल तेव्हा गाडी थांबवून एक खपली उचला आणि उलटी करा. पट्ट्याचा सगळा इतिहास त्याच्या पोटावर लिहिलेला असतो. पोटाला डांबराचे काळे कण आणि बारीक खडी चिकटून आली असेल तर पट्टा मारणाऱ्याला दोष देऊ नका. त्याची पकड चांगली होती, खालचा रस्ताच सुटायला लागलाय. पोट पांढरंस्वच्छ आणि वर पिठासारखी धूळ असेल तर रस्ता न झाडता माल ओतलाय. टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं किंवा फोड दिसले तर खाली ओल होती, १८०–२०० अंशांचा माल वर पडताच तिची वाफ झाली. आणि पोटाला जुन्या रंगाचा पापुद्रा चिकटून आला असेल, तर नवा पट्टा त्या पापुद्र्यालाच धरून बसला होता आणि पापुद्रा रस्त्याला कधीच सोडून गेला होता.

घाटात मला सगळ्यात जास्त सापडते ती छिद्रांची खपली. मे महिन्यात ओल कुठली, असं वाटेल. एक तर वळीव येऊन गेलेला असतो. दुपारी रस्ता वरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण खडीच्या फटीत पाणी असतं. दुसरं म्हणजे डोंगराकडच्या बाजूचा पाझर. कापलेल्या डोंगरातून झिरपणारं पाणी गटारात न जाता डांबराच्या कडेखालून येतं. तुमच्या रस्त्यावर डोंगराकडची कडेची रेषा जास्त उखडली आहे का, हे मुद्दाम बघा. तसं असेल तर तिथे पट्ट्याआधी गटाराचं काम काढा. दिवाळीनंतर काम करत असाल तर सकाळचं दव हा तिसरा शत्रू. घाटमाथ्यावर दहा वाजेपर्यंत मशीन हलवू देऊ नका.

ओल तपासायला उपकरण लागत नाही. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा रस्त्यावर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पंधरा मिनिटं थांबायचं. आतून घाम सुटला तर त्या दिवशी काम नाही. मशीन, बॉयलर, दहा माणसं उभी असताना हे सांगणं जड जातं, ठेकेदार घड्याळ दाखवतो. पण त्या पंधरा मिनिटांची किंमत तुम्ही गणपतीत मोजलेली आहे.

झाडण्याबद्दल एवढंच, की झाडूने धूळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. तारेचा ब्रश आणि मागून कॉम्प्रेसरची हवा, हे दोन्ही हवं. कोकणातली तांबडी माती तर डांबराच्या छिद्रात बसते, ती नुसत्या हवेने उठत नाही. आणि नवं डांबर आठवडाभरात रंगवू नका. त्यातलं तेल वर येत असतं, पट्टा तपकिरी पडतो आणि पुढे तडकतो. तीनेक आठवडे तरी द्या, तोवर साध्या रंगाची तात्पुरती रेषा चालेल. मार्चअखेरचं देयक आणि डांबर मुरायचा काळ यांचं जमत नाही हे मला ठाऊक आहे, पण डांबर कोषागाराचं कॅलेंडर बघत नाही.

आता दुसरा भाग, पट्टा आहे पण दिसत नाही. हा जास्त फसवा, कारण दिवसा तपासणी झाली की सगळं ठीक निघतं.

रात्री पट्टा रंगामुळे दिसत नाही, काचेच्या मण्यांमुळे दिसतो. हेडलाइटचा उजेड मण्यात शिरतो, वळतो, मागच्या पांढऱ्या मालावर पडतो आणि आला त्याच वाटेने चालकाकडे परत जातो. हे मणी दोन ठिकाणी असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तपशिलाप्रमाणे मालात वजनाने ३० ते ४० टक्के मणी आधीच मिसळलेले असतात आणि पट्टा गरम असतानाच वरून चौरस मीटरला २५० ग्रॅम मणी टाकायचे असतात. मिसळलेले मणी पहिल्या दिवशी उपयोगाचे नसतात, राळेत, म्हणजे माल बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यात, बुडालेले असतात. वरचा थर चाकांनी झिजला की ते उघडे पडतात. मधल्या रेषेवर चाकं जातात म्हणून ती रेषा स्वतःला नवी करत राहते. कडेच्या रेषेवर कोण गाडी घालतो? तिथे आतले मणी आतच राहतात. म्हणजे धुक्यात चालक जिच्या आधाराने गाडी हाकतो ती कडेची रेषा पूर्णपणे वरून टाकलेल्या मण्यांवर जगते, आणि नेमकी तिथेच मण्यांची काटकसर होते.

मणी नुसते टाकून भागत नाही, ते साधारण निम्मे बुडायला हवेत, निम्म्याहून किंचित जास्त. माल फार गरम असेल तर मणी तळाशी जातात आणि पट्टा गुळगुळीत, चकचकीत, रात्री काळा. माल थंडावला असेल तर मणी वर नुसते बसतात आणि पहिल्या जोराच्या सरीत गटारात. पट्टा थंड झाल्यावर त्यावरून तळवा फिरवा. पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे आणि हाताला मणी सुटून येता कामा नयेत. मणी टाकणारं भांडं पट्ट्याच्या साच्यापासून हातभर मागे पडलं तरी फरक पडतो, घाटात वारा असतो तेव्हा तर फारच. मी एका कामावर मशीनच्या मागे चालत होतो. दरीकडून वारा होता आणि पट्ट्याच्या शेजारी डोंगराच्या बाजूला डांबरावर मण्यांची सुंदर रांगोळी पडत होती. पट्ट्यावर जेमतेम चिमूटभर. मशीन ढकलणारा पोरगा म्हणाला, ‘साहेब, हिशोबाने पुरते टाकलेत.’ खोटं बोलत नव्हता तो. पत्र्याचा एक तुकडा वाऱ्याच्या बाजूला आडवा बांधला आणि काम सुधारलं.

दिवसा मणी बघायची एक जुनी युक्ती आहे. सकाळी किंवा दुपार कलल्यावर, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा, आपल्या डोक्याची सावली पट्ट्यावर पडेल असं. त्या सावलीच्या कडेभोवती बघा. मणी नीट बसले असतील तर तिथे पट्टा लखलखतो. चालत राहा, लखलख सावलीबरोबर पुढे सरकते. जिथे ती विझते तिथे खडूची खूण करा आणि साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहून ठेवा. मापाचं यंत्र बोलवायच्या आधी माझी निम्मी तपासणी अशीच होते.

मापाचं यंत्र म्हणजे रेट्रोरिफ्लेक्टोमीटर. ते पट्ट्यावर ठेवलं तरी तीस मीटर पुढचा पट्टा कारमधल्या चालकाला किती उजळ दिसेल ते सांगतं. एकक मिलिकँडेला प्रति चौरस मीटर प्रति लक्स. कामावर आम्ही नुसतं ‘रीडिंग’ म्हणतो. ताशी ६५ किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यासाठी मंत्रालयाच्या तपशिलात सुरुवातीला २०० आणि हमीच्या दोन वर्षांत ८० च्या खाली नाही, असं आहे. तुमचा घाट याच ओळीत बसतो. ही अट करारात असतेच, पण सुरुवातीचं रीडिंग कुणी घेऊन ठेवत नाही, मग दीड वर्षाने भांडायला हातात कागद नसतो. पहिल्या आठवड्यात, प्रत्येक किलोमीटरला निदान तीन ठिकाणी रीडिंग घ्या, साखळी क्रमांकासह मोजमाप पुस्तिकेला जोडा. पावसाळा संपला की त्याच जागांवर पुन्हा.

तापमानाचंही तसंच. बॉयलरच्या बाहेरून पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक रोखला तर तो वरच्या सायीचं तापमान सांगतो. बुडवायचा तापमापक मागा. माल पिवळसर पडला, त्याला करपट वास यायला लागला की तो मेला. पुन्हा ढवळून काही उपयोग नाही. काल उरलेला माल आज परत तापवलाय का, हे सकाळी पहिलं झाकण उघडताना तुम्ही स्वतः उभे असाल तरच कळतं. राळेप्रमाणे मालाचे दोन प्रकार असतात, अल्किड आणि हायड्रोकार्बन. अल्किड राळेच्या मालाला अशी फेरतापवणी अजिबात सोसत नाही. हायड्रोकार्बन राळेचा थोडा सोशिक. त्याबदल्यात अल्किडला तेल कमी बाधतं, म्हणून एसटी थांब्यापाशी आणि जिथे ट्रक तेल गाळत उभे असतात तिथे तो बरा.

आता जाडी. तुम्ही चार मागताय, पण तुम्हाला अडीच तरी मिळाली होती का? हे साधं त्रैराशिक आहे. पंधरा सेंटिमीटर रुंदीची सलग रेषा, एक किलोमीटर, म्हणजे १५० चौरस मीटर. अडीच मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण पाच किलो माल लागतो, म्हणजे ७५० किलो. पंचवीस किलोच्या ३० गोण्या. वरून टाकायचे मणी साडेसदतीस किलो, म्हणजे दीड गोणी. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा. किलोमीटरमागे अठरा निघाल्या तर जाडी दीड मिलिमीटर आहे, मग पट्टीने मोजून कुणी काहीही दाखवो. (पट्टीने कडेला मोजतात आणि साच्याच्या कडेला माल नेहमी जाड येतो.) अधूनमधून मशीनच्या वाटेत पत्र्याची छोटी चकती ठेवा, पट्टा वरून जाऊ द्या, थंड झाली की उचलून व्हर्नियरने मोजा आणि पत्र्याची जाडी वजा करा. आणि तपशिलातली अडीचची जाडी वरचे मणी सोडून आहे, हे ठेकेदाराला आधीच सांगा.

जाडी वाढवण्याला माझा विरोध पैशापुरताच नाही. चार मिलिमीटरची सलग कडेची रेषा म्हणजे एक बारीक बांध. वळणावर उताराने येणारं पाणी तिच्याशी अडतं आणि रस्त्यावरच पसरून राहतं. त्यात दर दोन वर्षांनी जुन्या पट्ट्यावर नवा चढवत गेलो की सात-आठ मिलिमीटरचा कट्टा होतो. पावसात वळणावर झुकलेली दुचाकी त्या कट्ट्यावर आली की काय होतं ते तुमच्या घाटातल्या चहाच्या टपरीवाल्याला विचारा. घसरणीला रोखण्याची क्षमताही करारात असते, पेंडुलमवर (घसरण मोजायच्या लंबकाच्या यंत्रावर) ४५ तरी. ती कुणी तपासत नाही. जुना थर जाड झाला असेल तर आधी खरवडून काढायचा, मग नवा.

तुमच्या रस्त्याचं खरं दुखणं मात्र पावसाची रात्र आहे, आणि तिथे उत्तम मारलेला सपाट पट्टाही हरतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वळवण्याचं माप, साधारण १.५, पाण्याचा १.३३. हवेतून काचेत शिरताना उजेड चांगला वळतो. पाण्यातून काचेत शिरताना फारसा वळतच नाही, त्यामुळे तो मण्याच्या मागे नीट गोळा होत नाही आणि परत येत नाही. शिवाय पट्ट्यावरचं पाणी आरशासारखं उजेड पुढे फेकतं, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून भर पावसात पट्टा एकदम गायब होतो आणि पाऊस थांबून पाणी निथळलं की परत येतो. लोक म्हणतात पट्टा वाहून गेला. सकाळी बघाल तर जागेवर असतो.

यावर उपाय म्हणजे पट्ट्याचा काही भाग पाण्याच्या वर काढणं. उंचवट्यांचा पट्टा मिळतो: तळाला पातळ थर आणि ठरावीक अंतराने आडव्या कांड्या किंवा दाण्यांसारखे उंचवटे. कांड्यांच्या उभ्या बाजूवरून पाणी निथळतं, तिथले मणी उघडे राहतात, आणि दोन कांड्यांमधून पाणी बाहेर पडायला वाट मिळते. वर चाक गेलं की घरघर ऐकू येते, धुक्यात हा फुकटचा फायदा. दुसरा उपाय मोठ्या आकाराचे किंवा जास्त अपवर्तनांकाचे मणी, १.९ चे कोरड्यात फार उजळ, २.४ चे पाण्याखालीही काम करतात, पण महाग. तिसरा, ज्याला आपण कॅट आय म्हणतो ते, रस्त्यात बसवलेले उजेड परतवणारे छोटे ठोकळे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये जे बनवलं त्यात काच रबराच्या घरात बसवलेली होती. वर चाक आलं की ती खाली दबायची आणि आतल्या पावसाच्या पाण्याने, रबराने पुसून निघायची. आपल्याकडचे चिकटवलेले प्लास्टिकचे रिफ्लेक्टर स्वतःला पुसत नाहीत, तांबड्या चिखलाने महिन्याभरात मिटतात. तरी वळणावर ते हवेतच, फक्त पावसाळ्यात मैलकुलींच्या कामाच्या यादीत ते पुसणं लिहून ठेवा. ओलं फडकं पुरतं.

सुक्या दिवसातही पावसाची चाचणी घेता येते. रात्री दहा लिटरची बादली पट्ट्यावर हळू ओता, मिनिटभर थांबा आणि तीस मीटर मागे उभ्या केलेल्या गाडीत बसून डिपर लाइटमध्ये बघा. साठच्या वेगाला तीस मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. तेवढ्यात वळण ओळखू येतं का, एवढंच बघायचं असतं.

चिखलाचं मात्र पट्टे मारणाऱ्याकडे उत्तर नाही. साईडपट्टी डांबरापेक्षा उंच राहिली की प्रत्येक सरीबरोबर माती कडेच्या रेषेवर येते. कोकणात तांबडी माती, कोल्हापूर-सांगलीकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांतून शेतातली काळी. मी असे पट्टे बघितलेत की नुसते धुतले आणि रीडिंग दुप्पट झालं. नवीन पट्ट्याचा खर्च मांडायच्या आधी पाण्याचा टँकर आणि नायलॉनचा ब्रश घेऊन शंभर मीटर धुऊन बघा. त्यावरून तुमच्या अंदाजपत्रकातला किती भाग साईडपट्टी छाटण्याकडे वळवायचा ते कळेल.

घाटाच्या पायथ्याला काँक्रीटचा तुकडा आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथले नियम वेगळे. डांबरावर गरम माल डांबराला वितळवून त्याच्यात मिसळतो. काँक्रीटवर तो फक्त खरबरीतपणाला धरून राहतो. म्हणून वरचा क्युरिंगचा थर (काँक्रीटमधलं पाणी उडू नये म्हणून फवारलेला) आणि सिमेंटची साय खरवडायची, प्रायमर मारायचा आणि तो पूर्ण सुकू द्यायचा. ओल्या प्रायमरवर माल ओतला की पुन्हा तीच छिद्रं. बजेट असेल तर तेवढ्या भागात दोन घटकांचा थंड प्लास्टिक पट्टा, म्हणजे न तापवता दोन द्रव्यं मिसळून घट्ट होणारा, घ्या. शिवाय पांढुरक्या काँक्रीटवर पांढरा पट्टा दिवसा उन्हात हरवतो, त्याला काळी किनार लागते. समृद्धी महामार्गासारख्या लांबच लांब काँक्रीटच्या रस्त्यांनी हा प्रश्न आता सगळ्यांसमोर आणलाय.

आणि एक: वळणं बदलताना जुन्या रेषेवर काळा रंग फासून मोकळे होऊ नका. पहिल्या पावसाळ्यात काळा जातो आणि खालून जुनी रेषा वर येते. नव्या-जुन्या दोन रेषा पावसात सारख्याच चमकतात, आणि त्यातली एक थेट कठड्याकडे जाते. यंत्राने खरवडूनच काढायची.

कधी मारायचे, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. बरेच जण नोव्हेंबर म्हणतात, रस्ता धुऊन निघालेला असतो म्हणून. माझं मत, घाटासाठी एप्रिलचा पहिला पंधरवडा. नोव्हेंबरमध्ये मारलेल्या पट्ट्यावर जूनपर्यंत सात महिन्यांची धूळ आणि टायरचं रबर बसतं आणि नेमक्या गरजेच्या वेळी तो मंदावलेला असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र कधीही नाही. तुमचं काम नेमकं तेव्हाच झालंय.

अंदाजपत्रकाचं बोलायचं तर दोन्ही कडांना चार मिलिमीटर धरलात तर किलोमीटरमागे ९०० किलो, म्हणजे ३६ गोण्या माल जादा लागेल. जाडी अडीचच ठेवा. त्या छत्तीस गोण्यांच्या पैशात वळणांवर उंचवट्यांचा पट्टा आणि कॅट आय किती बसतात ते तुमच्या दरसूचीत बघा, डोंगराकडचं गटार वेगळ्या बाबीत घ्या, आणि रीडिंगची अट निविदेत आकड्यासह लिहा. आणि तोवर त्या खपल्यांतल्या पाच-सहा उचलून साखळी क्रमांक घालून पिशवीत ठेवा. पोटाकडून काढलेले त्यांचे फोटो पाठवलेत तर कुठल्या तुकड्याला काय करायचं ते मी नेमकं सांगू शकेन.